गाऱ्हाणं वहीत की मोबाइलमध्ये

१ जानेवारी, सकाळी

आजपासून रोजनिशी. रोज म्हणजे रोज. अनुभव भरपूर, विचार खोल, भाषा मुळातच चांगली. फक्त लिहून ठेवलं नाही म्हणून इतकी वर्षं वाया गेली. चौपन्न हे काही वय नव्हे.

एकच गोष्ट ठरायची आहे. कागदावर लिहायचं की मोबाइलवर? ते ठरलं की खरी सुरुवात. तोपर्यंत ही आंबा फवारणीच्या औषधवाल्यांची फुकट डायरी. प्रत्येक पानाखाली तुडतुड्याचं चित्र आहे. तात्पुरतं आहे.

बायकोला, नम्रताला, संकल्प सांगितला. ती म्हणाली, आधी आप्पांच्या खोलीतला बल्ब बदला. लेखकाच्या घरी हे असंच असतं.

३ जानेवारी

मोठी बातमी.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दिवाळीत गावच्या पडवीत घसरले, तेव्हापासून इथे रत्नागिरीत आमच्या फ्लॅटवर आहेत. गाव हातखंब्याच्या आत. तिथे शिमग्याला पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली की सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा. माझ्या लहानपणापासून आप्पाच घालतात. आज जेवताना म्हणाले, "यंदा तू घाल, अनिला. माजा आवाज आता देवापरयंत पोचत न्हाय."

मी हो म्हटलं. आप्पांचे डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. गावाला शेवटी वक्ता मिळणार.

रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचं, शिमग्यापर्यंत तोंडात बसेल, असं त्यांचं म्हणणं. रोज कशाला? एकदा लिहून घेतलं की झालं. पिढ्यान् पिढ्या हे कोणाला सुचलं नाही. रोजनिशीतला पहिला प्रकल्प ठरला.

५ जानेवारी

पतसंस्थेच्या ऑफिसातून येताना मारुती आळीत गेलो. हातकागदाची वही, चामड्याची बांधणी, बांधायला दोरी. शाईचं पेनही घेतलं. दुकानदाराने विचारलं, कोणाला भेट द्यायची आहे का. मी फक्त हसलो.

संध्याकाळी आप्पांनी गॅलरीत बसून गाऱ्हाणं अथपासून इतिपर्यंत म्हटलं. मी पेनात शाई भरत होतो.

६ जानेवारी

वही इतकी सुंदर आहे की पहिलं वाक्यही तसंच हवं. आज सुचलं नाही.

९ जानेवारी

'श्री' लिहिलं. इथल्या खाऱ्या हवेत कागद ओल धरतो. शाई फुटली आणि श्रीचे पाय चहूकडे पसरले, मासळीबाजारात लांब पायांचं माकूल पडलेलं असतं तसे. पान फाडलं. दोरीच सुटली.

कागदाच्या दर्जामुळे आजचा पाठ रद्द, असं आप्पांना सांगितलं. त्यांना काही कळलेलं दिसलं नाही. एकटेच म्हणत बसले.

११ जानेवारी, रविवार

निलेश आला. माझा चुलतभाऊ, सावर्ड्याला असतो, टेम्पो चालवतो. शहरात माल टाकायला आला की आप्पांना भेटल्याशिवाय जात नाही. चणे खात त्यांच्या पायाशी बसला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो, तसं हाही एकटाच मोठ्याने म्हणत होता. शेजारचे दार उघडून बघून गेले.

हातात वही नाही, पेन नाही. असं ऐकून कुठे काही डोक्यात राहतं? कीव आली.

१५ जानेवारी

फैसला. डिजिटल.

कारण सुरक्षितता. वही कोणीही उघडू शकतं. मोबाइलमधलं ॲप फक्त माझ्या बोटाने उघडतं. ही तुडतुड्यांची डायरी नम्रता वाचते असा दाट संशय आहे, कारण काल मला म्हणाली, वक्ते, जेवायला चला.

इथून पुढे फक्त ॲप.

२२ जानेवारी, मोबाइलवरून

आठवडाभर भरीव काम. पार्श्वभूमीला समुद्राचा फोटो होता, तो बदलून पहाटेचा समुद्र केला. अक्षराचा आकार ठरवला. फोल्डर केले: चिंतन, गाऱ्हाणं, संकल्प, किरकोळ. नोंदी अजून नाहीत, पण आल्या की जागा तयार आहे.

आप्पांनी दोनदा हाक मारली. पाच मिनिटांत येतो म्हटलं. गेलो तेव्हा झोपले होते.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून आप्पांसमोर बसलो. नवीनच काढलं त्यांनी. म्हणे गाऱ्हाण्याची सुरुवात आणि शेवट तेवढा ठरलेला. मधलं दरवर्षी वेगळं. कोणाच्या घरात काय दुखतंय, कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा मुलगा मुंबईहून येत नाही, ते सगळं घरोघर जाऊन विचारायचं आणि नावानिशी देवाच्या कानावर घालायचं. फोन करू का म्हटलं. नको म्हणाले. उंबऱ्यावर बसल्याशिवाय माणूस दुखणं सांगत नाही म्हणे.

घरोघर चहा प्यायला मला वेळ नाही. मी ऑनलाइन फॉर्म केला. 'गाऱ्हाणं: माहिती संकलन'. आपली अडचण निवडा: आरोग्य, विवाह, नोकरी, भावकी, इतर. गावच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात हे काम उरकलं.

३१ जानेवारी

फॉर्मला तीन उत्तरं. एक मीच चाचणीसाठी भरलेलं. एक पुण्याहून, 'रस्त्याचं बघा'. तिसरं गावच्या मालनकाकूचं. तिने 'इतर' निवडलंय आणि पुढची जागा रिकामी ठेवलीय.

दुपारी तिचाच फोन आला. हा फॉर्म कुठल्या योजनेचा, सोबत आधारकार्ड जोडायचं का, पैसे कधी जमा होणार. मी समजावत होतो तेवढ्यात आप्पांनी फोन मागून घेतला. खूप वेळ बोलत होते. बोलत कसले, नुसते ऐकतच होते. मध्येच डोळे पुसले. ॲपने नोंद करायची आठवण वाजवली, तर फोन त्यांच्याकडे. शिस्त अशी मोडते.

७ फेब्रुवारी

एक व्हिडिओ पाहिला. हाताने लिहिलेलं मेंदूत खोलवर जातं, टाइप केलेलं वरच्यावर राहतं. म्हणजे माझा पहिला निर्णयच बरोबर होता. परत वही.

वही शोधली. नम्रताने तिच्याखाली आप्पांच्या औषधांच्या चिठ्ठ्या दाबून ठेवल्या होत्या. वाऱ्याने उडतात म्हणे.

८ फेब्रुवारी, रविवार

वही घेऊन बसलो. आप्पांना म्हटलं, सावकाश सांगा, मी उतरवून घेतो. त्यांना सावकाश सांगताच येत नाही. "बा देवा म्हाराजा, बारा पाचाच्या मालका" इथपर्यंत आले की मी थांबवायचो, मग त्यांना पुढचं आठवायचं नाही, परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी धाप लागली. शिकवायची पद्धत नाही त्यांच्याकडे.

मग म्हणाले, "आणि हात जोडल्यावर वही कुठं धरशील रे?"

खरंच की. गाऱ्हाणं घालताना दोन्ही हात जोडलेले, तोंड पालखीकडे. हातात कागद चालत नाही, कधीच चाललेला नाही. हे महिन्यापूर्वी सांगायला काय झालं होतं? माझी वही फुकट गेली.

निलेश आलाच होता. हसला. त्याला चणे हवेत का विचारलं.

१२ फेब्रुवारी

काही माणसांना अडचण दिसते, मला उपाय दिसतो. हात रिकामे हवेत ना? कान तर रिकामाच आहे.

योजना अशी. आप्पांच्या आवाजात गाऱ्हाणं ॲपमध्ये रेकॉर्ड करायचं. शिमग्याला एका कानात वायरलेस इयरबड, त्यावर फेटा. आप्पा कानात बोलणार, मी बाहेर. पाठांतराची गरजच संपली.

इयरबड आणला. लगेच रेकॉर्डिंगला बसलो. सुरुवात झकास झाली, मग नम्रताने मिक्सर लावला, मग आप्पांना ढास लागली, मग मला आवाजाची पातळी बघायला थांबावं लागलं. एवढ्यात ते दमले. उरलेलं उद्या.

१७ फेब्रुवारी

उरलेलं राहिलं. आप्पांची छाती भरलीय, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय. माझ्याच कामाच्या वेळी.

पण यातून एक शोध लागला. लिहायचंच कशाला? रोजनिशी बोलायची. ॲप आवाजही साठवतं आणि त्याची अक्षरंही करतं. कागद हरला, टायपिंगही हरलं. वादच मिटला.

२१ फेब्रुवारी, भाट्याच्या किनाऱ्यावर, बोलून

वा. काय मोकळं वाटतंय. वारा आहे, आसपास कोणी नाही, मनातलं थेट ओठांवर. कागदावर हे कधी उतरलं नसतं.

तर स्पष्टच बोलू. आप्पांचं आता सगळं झालेलं आहे. माणसाने वेळेवर आटपतं घ्यावं, उगाच ताणू नये. रोज संध्याकाळी तेच ते ऐकून माझे कान किटले. यंदा एकदा गाऱ्हाणं घालायचं, फोटोपुरतं, मग दरवर्षीचा तो ताप निलेशच्या गळ्यात. तिथल्या लोकांना काय कळतंय? मी काही बोललो तरी व्हय म्हाराजाच म्हणणार.

आणि आप्पा गेले की पहिलं काम, गावचं घर विकून मोकळं व्हायचं. गॅलरी रिकामी होईल. तिथे लिहायचं टेबल. उजेड चांगला येतो. नम्रता रडेल थोडी, तिला सवयच आहे. मी वाईट बोलत नाहीये, प्रॅक्टिकल बोलतोय. स्वतःशी प्रामाणिक राहणं हाच रोजनिशीचा गाभा.

२७ फेब्रुवारी

आप्पांचा आवाज परत आलाय, पण पाण्यातून आल्यासारखा. रेकॉर्डिंगचं विचारलं. त्यांनी मला जवळ बसवून हातावर हात ठेवला आणि म्हणाले, आता जेवढं येतंय तेवढं घाल, देव समजून घेईल. म्हणजे माझ्यावर विश्वास आहे.

निलेश गावात घरोघर फिरतोय असं कळलं. भाडं नसलं की माणूस असं फिरतो.

१ मार्च

पूर्ण तयारी. 'शिमगा' नावाचा एक फोल्डर केला. त्यात आप्पांचं रेकॉर्डिंग आणि माझ्या या विषयावरच्या बोलक्या नोंदी, तारखेप्रमाणे ओळीने. नीटनेटकेपणा माझ्या रक्तात आहे. आप्पांचं जिथे तुटतं तिथून पुढे मी आयत्या वेळी आपल्या शब्दांत बोलेन. वक्त्याला काय कठीण.

२ मार्च, गावी

आप्पांना गाडीतून आणलं. सहाणेजवळ ओमकारने स्पीकर लावलेत, गावचाच मुलगा आहे. त्याला जरा तंत्रज्ञान दाखवलं. माझा मोबाइल वायरशिवाय त्याच्या स्पीकरला जोडून दिला आणि पालखीची गाणी लावली. पोरं नाचली. धाकूआजोबा, गावातले सगळ्यात जुने मानकरी, मला म्हणाले, आप्पाचा मुलगा शोभतोस हो. आप्पा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

४ मार्च

हे परत तुडतुड्यांच्या डायरीत लिहितोय. ॲप काढून टाकलं.

जे झालं तो निव्वळ तांत्रिक बिघाड होता. क्रमाने लिहितो, म्हणजे कोणाची चूक ते दिसेल.

पालखी सकाळी सहाणेवर यायची ती नाचत नाचत दुपारी आली. तोवर इयरबड माझ्या कानात चालूच. पहिली चूक पालखीची. मी फेटा बांधून, हात जोडून उभा राहिलो. आप्पा समोर खुर्चीत. सुरुवात उत्कृष्ट झाली. कानात आप्पा म्हणाले, बा देवा म्हाराजा; मी म्हटलं, बा देवा म्हाराजा; गाव गरजला, व्हय म्हाराजा. अंगावर काटा आला. नम्रतासुद्धा माझ्याकडे बघत होती.

मग कानात एक बारीक सूर वाजला आणि इयरबडची बॅटरी संपली. मोबाइलने जवळचा ओळखीचा स्पीकर धरला, ओमकारचा. आप्पांचं रेकॉर्डिंग तिथून चालू झालं. आधी मिक्सर, मग ढास, मग माझा आवाज: थांबा आप्पा, पातळी बघतो. लोकांना वाटलं मीच बोलतोय. म्हणाले, व्हय म्हाराजा.

पुढे ती भाट्याची नोंद.

मोबाइल काढला, पण तोंडाला, हातांना सगळीकडे गुलाल. बोट ओळखेना. आवाज कमी करायला गेलो, घाईत वाढला. ओमकार चहाला गेला होता. ही त्याची बेजबाबदारी.

आप्पांचं सगळं झालेलं आहे. व्हय म्हाराजा. माणसाने वेळेवर आटपतं घ्यावं. व्हय म्हाराजा, पण आता थोडे कमी जण. तिथल्या लोकांना काय कळतंय, मी काही बोललो तरी व्हय म्हाराजाच म्हणणार. याला मागच्या रांगांनी सवयीने व्हय म्हाराजा म्हटलं, आणि पोरं हसली. मग कोणी हसेना.

शेवटी, आप्पा गेले की गावचं घर विकून मोकळं व्हायचं.

ढोलवाल्यांनी टिपऱ्या खाली धरलेल्या. आप्पांचे हात जोडलेलेच होते, नजर पालखीवर. तेवढे एकटे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आवाज पोचत नाही म्हणतात. पार रस्त्यापर्यंत गेला.

गॅलरीचं आणि टेबलाचंही वाजलं. मग कोणीतरी धावत जाऊन स्पीकरची वायर ओढली. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निलेशला हात केला, गाऱ्हाणं घाल म्हणून. निलेश पुढे आला. त्याचा आवाज घोगरा, उच्चार गावठी, मध्ये दोनदा अडखळला. मालनकाकूच्या मुलाचं नाव घेऊन त्याला यंदा तरी आईची आठवण होऊ दे म्हणाला. तिने पदर तोंडाला लावला. प्रत्येक घराचं काही ना काही सांगितलं. आमच्या घरापाशी आल्यावर जरा थांबला, मग म्हणाला, आमच्या अनिलदादाला सुबुद्धी दे रे म्हाराजा. गाव गरजला. दिवसभरात एवढ्या जोरात दुसऱ्या कशाला गरजला नव्हता.

माझ्या रेकॉर्डिंगचा आवाज मात्र स्वच्छ होता. वाऱ्याची खरखर अजिबात नाही.

५ मार्च

रत्नागिरीला परत. गाडीत मी सांगून पाहिलं की रोजनिशीतलं बोलणं हे विचारांच्या पातळीवरचं असतं, ते शब्दशः घ्यायचं नसतं. नम्रताने गाणी लावली.

आप्पा नेहमीसारखे वागताहेत. उलट जास्तच चांगले. पाणी हवं तर आधी विचारतात, उठू का म्हणून. गॅलरीत बसत नाहीत. त्यांची खुर्ची स्वतः ओढत खोलीत नेली. मी म्हटलं, बसा हो बाहेर. म्हणाले, उजेड लागतो तुला.

६ मार्च

पतसंस्थेत बातमी माझ्या आधी पोचली होती. शिपायाला म्हटलं, पंखा लाव. तो म्हणाला, व्हय म्हाराजा. कॅशियर खाली वाकून काहीतरी शोधत होता, बराच वेळ.

प्रसिद्धी कशीही असो, प्रसिद्धीच.

८ मार्च, रविवार

निलेश टेम्पो घेऊन आला. आप्पांनी पिशवी आदल्या दिवशीच भरलेली होती. सावर्ड्याला त्याच्याकडे राहणार म्हणे, थोडे दिवस. थोडे म्हणजे किती, मी विचारलं. नम्रता म्हणाली, तुम्ही विचारू नका.

जाताना आप्पांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागावले असते तर मला बोलता आलं असतं. माझ्याकडे मुद्दे तयार होते. पिशवी टेम्पोपर्यंत मी नेली. हलकी होती.

तिथली हवा त्यांना मानवेल. आणि वाईटातून चांगलं बघायचं तर गॅलरी रिकामी झाली.

१० मार्च

टेबल आलं. सागवानी रंगाचं. गॅलरीत बरोबर बसतं. चामडी वहीही बाहेर काढली. शेवटी निर्णय कागदाच्या बाजूने. नम्रता टेबल पुसत नाही, तिच्या हातून राहतं.

१५ मार्च, संध्याकाळी

सावर्ड्याहून आप्पांचा फोन. नम्रताच्या मोबाइलवर. रोज या वेळेला येतो असं दिसतं. आवाज चांगला सुधारलाय, गॅलरीत ऐकू येत होता. निलेशच्या मुलीला गाऱ्हाणं शिकवताहेत. मुलीला कसं चालेल, असं गावात कोणी म्हणालं, तर धाकूआजोबांनीच गप्प केलं म्हणे. आप्पा हसत होते. नम्रताही हसत होती. मी पेन हातात धरून होतो.

शेवटी नम्रताने विचारलं, यांना देऊ का फोन. मी खुर्ची सरकवली.

आप्पा म्हणाले, "नको. लिहीत असंल तो, लिहू दे."

मी लिहीत नव्हतो. नुसता बसलो होतो.